आरमाराचा अभिमान आणि मोडीचा बाजार

इतिहासाचा अभिमान दोन प्रकारांनीं बाळगतां येतो. एक बोलून आणि दुसरा राबून. पैकीं पहिल्या प्रकारांत महाराष्ट्राशीं स्पर्धा करील असा प्रांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. शिवछत्रपतींनीं आरमाराचा पाया घातला, कान्होजी आंग्र्यांनीं टोपीकरांना त्राहि भगवन् करून सोडलें, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग अजून लाटांशीं झुंजत उभे आहेत, हीं वाक्यें शाळेंतील निबंधापासून तों मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सारख्याच आवेशानें म्हटलीं जातात. विषय समुद्राचा असला तरी वक्त्याचे पाय ओले होण्याचा प्रसंग येत नाहीं. हा अभिमान खोटा आहे असें माझें म्हणणें नाहीं. तो फुकटचा आहे, एवढेंच माझें म्हणणें आहे. आणि फुकट मिळालेल्या वस्तूची राखण कोणी करीत नाहीं, हा प्रपंचांतला नियम येथेंहि लागू पडला आहे.

दुसऱ्या प्रकारच्या अभिमानाची परीक्षा पाहण्यास एक साधा प्रश्न पुरे आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्यानें पुढें पिढ्यान् पिढ्या या बंदरांत जहाजें बांधलीं. १७५० सालीं येथें कोरडी गोदी बांधून पुरी झाली. तशी गोदी त्या वेळीं आशिया खंडांत दुसरी नव्हती. अशा या बंदरांत सामान्य गृहस्थाला मुलांचा हात धरून जातां येईल, जिच्या फळ्यांवर पाय ठेवून 'आपले लोक हें करीत असत' असें म्हणतां येईल, अशी एकतरी जुनी नौका आज राखलेली आहे काय? उत्तर नकारार्थी आहे. हें उत्तर ऐकतांच सुशिक्षित माणूस पहिलें वाक्य बोलतो तें असें, कीं सरकारचें लक्ष नाहीं. प्रस्तुत लेखाचा वाद सरकारशीं नाहीं. तो हें वाक्य बोलणाऱ्या सुशिक्षित माणसाशीं आहे.

प्रथम मुंबईंत बांधलेल्या एका जहाजाची हकीकत सांगतों. कारण तिच्यांत या वादांतील बहुतेक सर्व मुद्दे आपोआप येतात. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत इंग्लंडांतील ओक वृक्षांचा तुटवडा पडूं लागला, तेव्हां तेथील आरमार खात्याची दृष्टि मलबारच्या सागवानाकडे वळली. सागवानाच्या अंगीं एक उपजत तेल असतें, तें लोखंडी खिळ्यांना गंजूं देत नाहीं; उलट ओकच्या लांकडांतील आम्लानें खिळे खाल्ले जातात. मुंबईचीं जहाजें दीर्घायुषी ठरलीं याचें निम्में श्रेय या लांकडाचें आणि निम्में वाडियांच्या सुतारकामाचें. १८१२ सालीं एका लढाऊ जहाजाचे आराखडे 'जावा' नांवाच्या इंग्रजी जहाजावरून मुंबईकडे निघाले. त्याच जहाजावर मुंबईचे नियोजित सरसेनापति सर टॉमस हिस्लॉप हे होते. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजानें 'जावा'चा पराभव केला. आराखडे गेले, सेनापति कैदेंत पडले. नवे आराखडे येऊन १८१६ सालीं जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखालीं काम सुरूं झालें आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं 'ट्रिंकोमाली' हें जहाज मुंबईच्या पाण्यांत उतरलें.

मराठी वाचकाला या तारखेचा अर्थ सांगावयास नको. त्यानंतर चोविसाव्या दिवशीं, म्हणजे ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. आणि २१ डिसेंबरला महिदपूर येथें होळकरांच्या सैन्याचा पाडाव झाला, तेव्हां इंग्रजी फौजेचे सेनापति हेच हिस्लॉपसाहेब होते. मराठी राज्याची अखेर आणि या जहाजाचा जन्म एकाच पावसाळ्यानंतरच्या आहेत. त्या राज्याच्या अखेरीवर आम्हीं ग्रंथांचे ढीग रचले. त्याच वेळीं आमच्याच किनाऱ्यावर, आमच्याच सुतारांच्या हातून, आमच्याच लांकडाचें काय घडत होतें, हें विचारण्याची आमच्यापैकीं फार थोड्यांना बुद्धि झाली.

पुढें या जहाजाला लढाईचा मोठा मान मिळाला असेंहि नाहीं. १८१९ सालीं तें इंग्लंडांत पोंचलें तेव्हां युद्ध संपलेलें होतें. सुमारें पाव शतक तें गुंडाळून ठेवण्यांत आलें. मग कांहीं वर्षें अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत गस्त घालून तें शिकाऊ खलाशांचें जहाज बनलें. आणि १८९७ सालीं आरमार खात्यानें तें मोडणाऱ्याला विकलें. येथें सरकारचें प्रकरण संपतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ज्या सरकारची काटेकोर व्यवस्था आम्ही उठल्यासुटल्या वाखाणतों, त्या सरकारनेंहि जहाज मोडीच्या भावानेंच काढलें. तें वांचविलें जॉर्ज व्हीटली कॉब नांवाच्या एका खासगी गृहस्थानें. त्यानें पूर्वीं नेल्सनचें 'फूद्रोयां' हें जुनें निशाणाचें जहाज असेंच मोडणाऱ्यांच्या हातून सोडविलें होतें. तें १८९७ सालींच वादळांत ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटलें. माणूस खचला असता. त्यानें 'ट्रिंकोमाली' विकत घेतलें, त्याला जुन्याचेंच नांव दिलें आणि त्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्याचा उद्योग चालविला. तो उद्योग त्याच्या पश्चात् १९८६ सालापर्यंत चालू राहिला. १९८७ सालीं जहाज हार्टलपूल या गांवीं आणलें गेलें, १९९२ सालीं त्याला त्याचें मूळ नांव परत मिळालें, आणि एक कोटि पौंडांहून अधिक खर्च होऊन २००१ सालीं त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला. आज युरोपांत तरंगत असलेल्या लढाऊ जहाजांत तें सर्वांत जुनें गणलें जातें. हार्टलपूलची वस्ती लाखभरहि नाहीं. एक कोटीहून अधिक वस्तीच्या ज्या शहरानें तें बांधलें, तेथील किती पदवीधरांना त्याचें नांव ठाऊक आहे?

आतां दुसरी बाजू पाहा. ज्या 'कॉन्स्टिट्यूशन'नें हे आराखडे पळविले, तें जहाजहि आज बोस्टनच्या बंदरांत जिवंत आहे. तेंहि कुजत चाललें होतें. १८३० सालीं तें मोडींत निघणार अशी वार्ता उठली, तेव्हां ऑलिव्हर वेंडेल होम्स या कवीच्या एका कवितेनें लोकमत खवळलें आणि जहाज वांचलें. आमच्या कवींनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पण कविता एकदांच उपयोगीं पडते. १९२५ सालीं पुन्हां दुरुस्तीची वेळ आली तेव्हां अमेरिकेंतल्या शाळाशाळांतून मुलांनीं पै-पैसा जमविला. लढाईंत समोरासमोर असलेल्या दोन पक्षांचीं हीं दोन जहाजें. दोहोंनाहि सामान्य माणसांच्या गांठीच्या पैशानें आणि हाताच्या कष्टानें दोन शतकांपलीकडे आणलें.

हाताच्या कष्टानें, असें मी मुद्दाम म्हणतों. सॅन फ्रान्सिस्को येथें 'बालक्लूथा' नांवाचें १८८६ सालचें एक शिडाचें जहाज आहे. १९५४ सालीं तेथील संग्रहालयानें तें विकत घेतलें, तेव्हां तें गंजलेलें व विद्रूप झालेलें होतें. बंदरांतील कामगारांच्या संघांनीं आपले कुशल कारागीर बिनमोल दिले, व्यापाऱ्यांनीं रंग, दोर व लोखंड दिलें, आणि वर्षभरांत जहाज लोकांसाठीं खुलें झालें. त्याच बंदरांत दुसऱ्या महायुद्धांतील 'जेरमाय्या ओब्रायन' हें मालवाहू जहाज आहे. युद्धकालांत अशीं २,७०० हून अधिक जहाजें घाईघाईनें बांधलीं गेलीं आणि नंतर तितक्याच घाईनें मोडलीं गेलीं. हें एक १९७९ सालीं स्वयंसेवकांनीं अडगळींतून बाहेर काढलें. त्यांत निवृत्त खलाशी होते, यंत्रज्ञ होते आणि ज्यांनीं जन्मांत कधीं जहाज पाहिलें नव्हतें असेहि होते. १९९४ सालीं नॉर्मंडीच्या स्वारीला ५० वर्षें झालीं, तेव्हां या बहुतांशीं वृद्ध मंडळींनीं तें जुनें वाफेचें यंत्र चालवीत जहाज पार फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत नेलें आणि परत आणलें. ऑस्ट्रेलियांतील 'जेम्स क्रेग'ची कथा तर याहून हट्टाची आहे. १८७४ सालीं बांधलेलें हें जहाज टास्मानियाच्या एका निर्जन उपसागरांत कुशीला भोंक पडलेल्या स्थितींत चाळीस वर्षें पडून होतें. १९७२ सालीं सिडनीच्या स्वयंसेवकांनीं तें तरंगतें केलें आणि पुढें सुमारें तीस वर्षें खपून पुन्हां शिडें उभारून समुद्रांत नेलें. तीस वर्षें! ज्यांनीं आरंभ केला त्यांतले कित्येक शेवट पाहण्यास उरले नसतील. आपल्याकडे एवढ्या काळांत मंडळाच्या घटनेची तीनदां दुरुस्ती झाली असती आणि दोन अध्यक्षांनीं राजीनामे दिले असते.

या लोकांचें काम काय असतें? तें ऐकण्यास मुळींच रोमांचक नाहीं. लांकडी जहाजाला खारें पाणी मारीत नाहीं. पावसाचें गोडें पाणी मारतें. तें वरच्या फळ्यांच्या सांध्यांतून झिरपतें, आंत कोंडतें आणि लांकूड कुजवितें. पाण्याखालीं निराळे शत्रु असतात. समुद्रांतील किडे बाहेरून टिकली एवढें छिद्र पाडून आंतून फळी पोखरतात. म्हणून सांधे पुनः पुन्हां खरवडून त्यांत धागा ठोंसावा लागतो, वर डांबर किंवा राळ ओतावी लागते, तळाला लेप द्यावा लागतो. लोखंडी जहाजाचा रोग गंज. तो बाहेरून दिसतो त्याहून आंत, जेथें पाणी सांचतें व हवा खेळत नाहीं तेथें, अधिक असतो. तो हातोडीनें ठोकून, खरवडून, पुन्हां रंगवावा लागतो आणि एका टोकाचें काम संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला आरंभ करण्याची वेळ येते. हें सारें दर रविवारीं, वर्षानुवर्ष, कोणी टाळी न वाजवितां करावयाचें असतें. जुनें जहाज म्हणजे एकदां बांधून टाकलेला पुतळा नव्हे. तें घरांतल्या वृद्ध माणसासारखें आहे. त्याची सेवा रोज करावी लागते; सेवेंत खंड पडला कीं मग कितीहि श्राद्धें घातलीं तरी उपयोग नसतो.

आणि श्राद्धें तर आम्हीं यथासांग घातलीं. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९६१ सालीं आमच्या आरमारांत दाखल झाली. १९७१ च्या युद्धांत बंगालच्या उपसागरांत तिनें काय केलें तें सर्वविश्रुत आहे. १९९७ सालीं ती निवृत्त झाली. पुढें कांहीं वर्षें ती मुंबईंत संग्रहालय म्हणून उभी होती. सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ सालीं लोकांना बंद झाली. २०१४ च्या जानेवारींत उच्च न्यायालयानें आणि ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें तिच्या बचावाचे अर्ज फेटाळले. सुमारें ६० कोटि रुपयांना ती मोडीच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिचे तुकडे झाले. २०१६ सालीं तिच्या लोखंडाचा अंश घातलेली मोटारसायकल बाजारांत आली, आणि ज्यांनीं त्या नौकेसाठीं एक रुपया दिला नव्हता त्यांनीं ती कौतुकानें विकत घेतली. पुढें 'विराट'ची तीच गत. २०१८ सालीं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, निवतीजवळ, तिचें संग्रहालय करण्यासाठीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ८५२ कोटि रुपयांच्या योजनेला संमति दिली. २०२० सालीं ती सुमारें ३८ कोटींना विकली जाऊन अलंगच्या किनाऱ्यावर चढली.

जे थोडे लोक न्यायालयापर्यंत गेले त्यांना माझा आदरपूर्वक नमस्कार आहे. पण बाकीच्यांचें काय? 'विक्रांत'चे पत्रे झिजले होते, दुरुस्तीचा खर्च अवाढव्य होता, हें सर्व खरें असूं शकेल. तो खर्च १९९७ सालीं अवाढव्य नव्हता. त्या पंधरा वर्षांत मुंबई-पुण्याच्या पांच हजार सुशिक्षित कुटुंबांनीं वर्षाला एका सिनेमाच्या तिकिटाएवढी वर्गणी दिली असती, दोनशें निवृत्त माणसांनीं आठवड्याचा एक दिवस दिला असता, तर कदाचित् ती नौका वांचली असती, कदाचित् नसतीहि. पण न्यायमूर्तींच्या पुढें उभें राहतांना 'आम्ही हें करीत आहों' असें सांगतां आलें असतें. 'हें कोणीतरी करावें' असें सांगणाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला तर त्यांत आश्चर्य तें काय?

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप स्वाभिमानाचा आहे. 'ट्रिंकोमाली' इंग्रजांसाठीं बांधलें गेलें. 'विक्रांत' आणि 'विराट' मुळांत इंग्लंडांतच बांधलेल्या. त्यांत आपलें काय? हा आक्षेप घेणाऱ्यांना शुद्ध मराठी आरमार हवें असतें. तें आरमार कोठें गेलें हें मात्र ते सांगत नाहींत. तुळाजी आंग्र्यांचीं गुराबें व गलबतें १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गापुढें जळालीं. जाळणारे वॉटसन आणि क्लाइव्ह. पण त्यांच्याशीं करार करून ही मोहीम घडविणारे पुण्याचे पेशवे होते. आपल्या आरमाराचा पहिला मोडीचा व्यवहार आपल्याच घरांत ठरला, हें कटु सत्य आहे. जें जळालें तें परत येत नाहीं. जें उरलें तें कोणाच्या मालकीचें होतें, यापेक्षां कोणाच्या हातचें होतें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. नॅव्हॅरिनोच्या १८२७ च्या लढाईंत ज्या 'एशिया'वर इंग्रजी सेनापतीचें निशाण होतें तें जहाज मुंबईचें. १८४२ सालीं नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस'वर झाला तेंहि मुंबईचें. साम्राज्य त्यांचें होतें, करवत आमची होती. ताजमहाल मोगलांचा म्हणून आम्ही संगमरवर खणून काढीत नाहीं.

दुसरा आक्षेप दारिद्र्याचा. ज्या देशांत माणसांना घरें नाहींत तेथें जहाजांना घरें कशाला? हा आक्षेप करुणेचा वेष धारण करून येतो म्हणून त्याला उत्तर देतांना संकोच वाटतो. पण तो कोठें केला जातो हें पाहिलें म्हणजे संकोच उरत नाहीं. लग्नाच्या मांडवांत, उत्सवाच्या रोषणाईंत, समुद्रांत उभारावयाच्या स्मारकांच्या शेंकडों कोटींच्या अंदाजपत्रकांत हा आक्षेप कोणाला सुचत नाहीं. शिवाय जहाज राखण्यांत पैसा जातो त्याहून श्रम अधिक जातात, आणि श्रमाची या देशांत टंचाई नाहीं. टंचाई आहे ती श्रम करण्यास लाज न वाटणाऱ्या पदवीधरांची.

तिसरा आक्षेप विद्वानांचा. नौका राखण्याचें कारण काय? छायाचित्रें आहेत, प्रतिकृति आहेत, लोथल येथें भव्य सागरी संग्रहालय उभें राहत आहे. संग्रहालयाला माझा विरोध नाहीं. परंतु नौका ही वस्तु जितकी, तितकीच ती विद्याहि आहे. तिची विद्या पुस्तकांत नसून हातांत असते, आणि हात निवृत्त झाले कीं ती जाते. अलीकडचेंच उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांत पांचव्या शतकांतील जें जहाज चितारलेलें आहे त्यावरून गोव्यांत एक शिवलेलें जहाज बांधण्यांत आलें. खिळे नाहींत, फळ्या काथ्याच्या दोरानें एकमेकींस शिवलेल्या. २०२५ सालीं 'कौंडिण्य' या नांवानें तें आरमारांत दाखल झालें. हें कशानें शक्य झालें? अजिंठ्याचें चित्र दीड हजार वर्षें भिंतीवर होतेंच. अशीं जहाजें शिवण्याची कला ज्यांच्या हातांत अजून जिवंत होती असे केरळचे कारागीर मिळाले, म्हणून तें उतरलें. चित्र राहिलें आणि हात गेले असते तर चित्राकडे पाहून आणखी एक प्रबंध लिहिला गेला असता.

याच ठिकाणीं आमच्या खऱ्या रोगाचें निदान करतां येईल. मराठी इतिहास ज्या वर्गानें लिहिला, त्या वर्गाच्या धर्मशास्त्रांत समुद्रगमन कलिवर्ज्य होतें. समुद्रावर गेले ते कोळी, भंडारी, खारवी आणि कोंकणी मुसलमान. जहाजें बांधलीं तीं पारशांनीं व त्यांच्या हाताखालच्या सुतारांनीं. ज्यांना समुद्र ठाऊक होता त्यांच्या हातांत लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातांत लेखणी होती त्यांना सुकाणूं कोणत्या बाजूस असतें हें ठाऊक नव्हतें. म्हणून आमच्या इतिहासांत आरमाराच्या लढाया आहेत, पण जहाज नाहीं. सरदार आहेत, पण तांडेल नाहीं. भाषेचीच साक्ष काढा. बंदर, नाखवा, खलाशी, सुकाणूं, नांगर, शीड, डोलकाठी, गलबत, मचवा, पडाव, फतेमारी. यांतले किती शब्द फारशी-अरबीच्या वाटेनें आले, किती किनाऱ्यावरच घडले आणि एकाच नौकेच्या अंगोपांगांना रत्नागिरीस काय व वसईस काय म्हणतात, याची मोजदाद विद्यापीठांनीं करावयाची कीं सुतारांनीं? संस्कृत नाटकांतील पाठभेदांवर रात्री जागविणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना भाऊच्या धक्क्यावर एक दुपार घालविण्यास कोणी अडविलेलें नाहीं.

चौथा आक्षेप म्हणजे तोच सुरुवातीचा, सरकारनें करावें. सरकारनें पुष्कळ करावें, हें मलाहि मान्य आहे. गोदी सरकारची आहे, जमीन सरकारची आहे, परवाना सरकारचा आहे. त्याच्यावांचून पाऊल उचलत नाहीं. पण सरकार लोकांच्या आवडीच्या मागून चालतें, पुढून नव्हे. मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० सालची आणि व्हिक्टोरिया गोदी १८८८ सालची. या व्हिक्टोरिया गोदींतच १४ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट होऊन अर्धी मुंबई हादरली होती. त्या दोन्ही गोद्या आमच्या डोळ्यांदेखत भराव घालून बुजविण्यांत आल्या. एखाद्या नाटकगृहाचें नांव बदललें तर वर्तमानपत्रांत महिनाभर पत्रें येतात. येथें शंभर वर्षांचें पाणी बुजलें आणि पत्रव्यवहाराचा रकाना शांत राहिला. ही शांतता सरकारनें लादलेली नव्हती.

स्वयंसेवकांचा कैवार घेतांना त्यांचें काम हमखास यशस्वी होतें असें भासविणें अप्रामाणिकपणाचें होईल. 'फॉल्स ऑफ क्लाइड' नांवाचें १८७८ सालचें जहाज १९६३ सालीं होनोलुलूच्या नागरिकांनीं वर्गणी काढून बुडण्यापासून वांचविलें. त्यांनीं त्यावर प्रेम केलें, पण दर वर्षाच्या दुरुस्तीची कायमची सोय झाली नाहीं. गोदींतील मोठी दुरुस्ती लांबत गेली, आणि अखेर २०२५ सालीं त्याच समुद्रांत तें बुडविण्यांत आलें. यावरून कोणी असें अनुमान काढील कीं उत्साही लोकांच्या नादीं लागूंच नये. माझें अनुमान निराळें आहे. जहाज मिळविण्याआधीं त्याच्या देखभालीचा निधि उभारावा, आणि झेपेल तेवढेंच जहाज घ्यावें. आम्हांला हत्ती पाळण्याची घाई असते. शेळी पाळून दाखविण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आठशें कोटींचे संकल्प कोसळतात याचें एक कारण हेंच कीं त्यांच्याखालीं आठ लाखांच्या कामाचा अनुभव नसतो.

म्हणून करावयाचें तें लहान असावें. मुंबईच्या मालवाहतुकीचा मोठा भाग १९८९ नंतर न्हावाशेव्याच्या बंदराकडे गेला आहे आणि पूर्व किनाऱ्यावरील जमिनीचें पुढें काय करावें याच्या योजना वर्षानुवर्षें चालू आहेत. त्या योजनांत उद्यानें आणि उपाहारगृहें यांना जागा मिळेलच. त्यांत एक धक्का आणि थोडें पाणी जुन्या नौकांसाठीं राखून ठेवावें, एवढी मागणी नागरिकांनीं आतांच केली पाहिजे. एकदां मजले चढले म्हणजे अर्ज करून पाणी परत मिळत नाहीं. त्या धक्क्यावर प्रथम एखादी लांकडी फतेमारी किंवा मचवा आणावा. ज्या सुतारांना असें काम येतें त्यांना पगार देऊन त्यांच्या हाताखालीं महाविद्यालयांतील दहा मुलें द्यावीं. निवृत्त अभियंते, बँकेंतील निवृत्त हिशेबनीस, शिक्षक, गृहिणी यांपैकीं प्रत्येकाला तेथें काम आहे. हिशेब ठेवावयाचे आहेत, तांडेलांच्या आठवणी उतरवून घ्यावयाच्या आहेत, शाळेंतल्या मुलांना नौका दाखवावयाची आहे आणि गंज तर सर्वांनींच खरवडावयाचा आहे. आपल्यांतील कित्येक घराण्यांचे आजे-पणजे कोंकणच्या आगबोटींतून मुंबईस आले. त्या आगबोटींपैकीं एकहि आज धक्क्यावर उभी नाहीं. कादंबऱ्यांतून मात्र त्यांच्या भोंग्याचा आवाज अजून ऐकूं येतो, आणि त्यावर आपण समाधान मानतों.

वाङ्मयावर जगणाऱ्या माणसानें वाङ्मयाची निंदा करूं नये. पण शब्दांनीं नौका तरंगत नाहीं, ही गोष्ट वाङ्मयाच्या अध्यापकानेंच सांगितलेली बरी. दुसऱ्या कोणीं सांगितली तर त्याला अरसिक ठरविण्यांत येईल. हार्टलपूलच्या धक्क्यावर मलबारचें सागवान दोनशें वर्षांनंतर अजून पाण्यावर आहे. तें पाहून परत आलेला मराठी माणूस 'हें आपल्या मुंबईंत बांधलें' असें अभिमानानें सांगतो. सांगावें, तें खरेंच आहे. परंतु ऐकणाऱ्यानें 'मग तुम्ही काय राखलें?' असें विचारलें, तर त्याला दाखविण्याजोगें कांहींतरी या बंदरांत असलें पाहिजे. तें असण्यासाठीं पुढील आरमारदिनाच्या व्याख्यानाला जाणाऱ्यांपैकीं निम्म्यांनीं व्याख्यान सोडून हातांत खरवडणी घेतली तरी पुरे आहे. उरलेल्या निम्म्यांच्या टाळ्यांनीं वक्त्याचें काम भागेल.